बी-टूच्या पुढचं जर्मन

भाचीने एम. एस. युनिव्हर्सिटीत बी.ए.ला जर्मन घ्यायचं ठरवल्यापासून आमच्या बडोद्याच्या घरात दुसरा विषय नाही. दादा म्हणतो, "तीन वर्षं कथा-कविता वाचून काय मिळणार? क्लास लाव, बी-टूची परीक्षा दे आणि आऊसबिल्डुंगला जा. अनुवाद तर आता मोबाईलच करतो." (बी-टू म्हणजे कामापुरतं नीट जर्मन येण्याची पातळी, आऊसबिल्डुंग म्हणजे जर्मनीतलं काम करत घ्यायचं व्यवसाय-प्रशिक्षण.) वहिनीही त्याच्याच बाजूने. रविवारी फोनवर दोघांशी भांडले, अजून डोकं शांत झालेलं नाही.

बी-टू नर्सला लागतं, मान्य. माझ्याच मजल्यावरची केरळची मुलगी त्या बळावर इथे, जर्मनीत लाइपझिगला आली आणि मान ताठ ठेवून राहते. पण 'कुठे दुखतंय' हे विचारता येणं वेगळं, आणि म्हातारा माणूस दुखणं लपवून हवापाण्याचं बोलत बसला की ते ओळखणं वेगळं. मला ते साहित्याने शिकवलं.

मी बडोद्याला आर्ट्स फॅकल्टीत जर्मन शिकत होते तेव्हा मॅडम काफ्काच्या 'मेटामॉर्फोसिस' या १९१५ सालच्या प्रसिद्ध जर्मन कथेचं पहिलंच वाक्य घेऊन बसल्या होत्या. ग्रेगोर सकाळी जागा होतो तो 'उंगेत्सीफर' होऊन. मॅडमनी फळ्यावर शब्दाचं मूळ लिहिलं: बळी द्यायलाही जो चालत नाही असा अपवित्र प्राणी. "आता मराठीत सांगा, गुजरातीत सांगा." किडा, ढेकूण, जीवडुं... तास संपला, शब्द मिळाला नाही. मोबाईल 'कीटक' म्हणून मोकळा होतो.

ज्या बडोदा कॉलेजात श्रीअरविंदांनी फ्रेंच शिकवलं, त्याच गावात आज 'भाषा शिकून पुढे काय' विचारतात, याचा मला राग येतो. लाइपझिगमध्ये ट्रामभर पोरंपोरी पोर्तुगीज नाही तर पोलिश कविता वाचत असतात, कुणी हटकत नाही. जर्मन महाकवी गटेलाही वडिलांनी १७६५ मध्ये इथे कायदा शिकायलाच धाडलं होतं. त्याने कायदाच धरून ठेवला असता तर १७९१ मध्ये जर्मनमधून शाकुंतल वाचून इतका वेडा झाला असता का?

दादा शेवटी म्हणाला, "तुला बोलायला काय जातं, तू तिकडे आहेस."

ते लागलं. अकरा वर्षं झाली. ऑफिसात माझं जर्मन आता कुणी दुरुस्त करत नाही. आईशी बोलताना मात्र मराठी शब्द अडतो आणि तीच तो गुजरातीत पुरवते. दांडिया बाजारातल्या घरात मी पाहुणी झालेय, हे दादाला कळलंय. इथल्या जिन्यात तर सगळे मला अजून पाहुणीच समजतात.

काल रात्री भाचीचा मेसेज आला. तिने ती कथा मिळवली, शब्दकोश घेऊन पहिलं वाक्य मराठीत केलं. उंगेत्सीफरच्या जागी लिहिलंय, 'ओंगळ जीव'.

ओंगळ. बिनआंघोळीचं देवघराच्या उंबऱ्याशी गेलं की आजी हाच शब्द फेकायची. इतक्या वर्षांत मला तो एकदाही आठवला नव्हता.