दूरचा मित्रही पुरात कामाला येतो

आपत्तीत शेजारीच धावून येतो, ऑनलाइन मित्रांची काळजी शब्दांपुरतीच असते, असं लेखात म्हटलंय. शेजाऱ्यांबद्दल पूर्ण सहमत. दुसरा भाग मात्र अजिबात पटला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही सांगलीत गावभागात वरच्या मजल्यावर अडकलो होतो. वीज नाही, नेट नाही, फोन जपून वापरायचा. ऑनलाइन बुद्धिबळातून ओळख झालेला, कधीच न भेटलेला एक मित्र अमेरिकेत होता. आमची रात्र म्हणजे त्याचा दिवस. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी आणि कोयना धरणातून सोडलेलं पाणी बातम्यांत शोधून तो एका ओळीचा एसएमएस पाठवायचा. इथली धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांपर्यंत. जिन्यातलं पाणी दिसत होतं, पण कृष्णा अजून चढणार की थांबणार याचा अंदाज त्याच्या मेसेजवरूनच यायचा. त्या भरवशावर आई थोडी झोपायची.

शेजारी आमच्यासारखेच अडकलेले, त्यांनाही बाहेरचं काही कळत नव्हतं. अशा वेळी बाहेर बसलेलं, आपल्यासाठी जागं असलेलं माणूस लागतं. बाबांच्या बीपीच्या गोळ्या किती दिवस पुरतील, हेही सगळ्यात आधी त्यानेच विचारलं होतं.