साहेब, डायरेक्ट देऊ का?

स्कूटरला फोन लावून नकाशा बघत जायचं, एवढीच माफक इच्छा. मोटरसायकलवाल्याला ती झाली की तो हँडलच्या उघड्या पाइपवर क्लॅम्प आवळतो आणि निघतो. स्कूटरलाही पाइप असतो, पण तो प्लास्टिकच्या कव्हरात, सोवळ्यात बसलेला. बाहेर हात लावायला उरतात दोन ग्रिप, दोन लिव्हर आणि दोन आरसे. त्यामुळे खोक्यावर ‘सर्व दुचाकींसाठी’ असं छापलेला होल्डर घरी आणून उघडला, की त्या ‘सर्व’मध्ये आपली गाडी धरलेली नाही हे कळतं. तोवर खोका फाटलेला असतो, आणि फाटलेला खोका दुकानदार परत घेत नाही.

मग राहिला आरसा. आरशाची दांडी हँडलमध्ये शिरते तिथे पत्र्याची एक पट्टी अडकवायची आणि पट्टीवर होल्डर बसवायचा. पट्टीचं भोक १० मिलिमीटरचं, कारण ती मोटरसायकली डोळ्यांपुढे ठेवून केलेली. बऱ्याच स्कूटरांच्या आरशाची दांडी मात्र ८ मिलिमीटरची. दोन मिलिमीटरच्या त्या मोकळिकीत पट्टी पहिल्याच गतिरोधकाला गर्रकन फिरते आणि नकाशा आपल्याऐवजी आपल्या गुडघ्याला रस्ता दाखवू लागतो. यावर इलाज म्हणजे मोकळीक भरून काढणारी आतली नळी, म्हणजे बुश, नाहीतर वर-खाली जाड वॉशर. पण जेवढे वॉशर चढवाल तेवढे दांडीचे आटे आत कमी जातात. निदान पाच-सहा फेरे आत गेलेच पाहिजेत. दोन फेऱ्यांवर उभा असलेला आरसा मागची रहदारी दाखवत नाही, एक दिवस तिला जाऊन मिळतो.

यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. हे ज्याला कुणी सांगितलेलं नसतं तो सोडवतोय असं समजून आवळत बसतो. शेवटी कुठेतरी ‘कट्’ असा आवाज येतो. तो आवाज कशाचा हे तपासायला मग मेकॅनिकच लागतो.

होल्डर डाव्या आरशाला लावा. उजवा हात ॲक्सिलरेटरवर अडकलेला असतो, सिग्नलला मोकळा असतो तो डावा. होल्डर आणि फोन मिळून साडेतीनशे ग्रॅमचं लोढणं आरशाच्या दांडीला लागतं, आणि मग आरशाला असा कंप सुटतो की मागे पुण्याची एक पीएमपी बस असली तर तीन दिसतात. वेळापत्रक बघता ते सुखावह वाटतं, पण खरं नसतं. होल्डर जितका दांडीच्या बुडाशी आणि जितका आखूड, तितका कंप कमी. लांब, तीन सांध्यांचा, हवा तसा वळणारा होल्डर दुकानातच छान वळतो. रस्त्यावर तो स्वतःच्या मनाने वळतो. सांध्याला स्प्रिंग वॉशर आणि कंपाने सैल न होणारा नायलॉक नट घालावा. आट्यांवर लावायचं निळं लॉकिंगचं औषध फक्त धातूवर वापरावं; प्लास्टिकला लागलं तर तिथे बारीक चिरा पडू शकतात.

कंपाचा त्रास फोनलाही होतो. कॅमेऱ्यातली लेन्स स्थिर ठेवणारी नाजूक यंत्रणा त्याने बिघडू शकते. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये तशी लेखी सूचनाच काढली. तीत मोठ्या मोटरसायकलींवर फोन लावूच नका असं आहे, आणि स्कूटर-मोपेडवर लावायचाच असेल तर कंप शोषणारा होल्डर घ्या असं. स्कूटरला कुणीतरी इतक्या सौम्यपणे वागवल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण.

होल्डरचे चार रबरी पंजे नेमके फोनच्या बटणांवर बसतात. आवाजाचं बटण दाबलं जाणं परवडलं. पॉवरचं बटण लागोपाठ दाबलं गेलं, फोनप्रमाणे ३ किंवा ५ वेळा, की आणीबाणीची हाक जाते. आपल्याकडे ही हाक ११२ ला. खड्डे एकामागोमाग यायला आपले रस्ते कधीच कमी पडत नाहीत. तेव्हा फोन बसवल्यावर पंजा आणि बटण यांत बोटभर अंतर राहतंय ना ते बघा. राहत नसेल तर फोन उलटा, खालची बाजू वर करून बसवा; नकाशा सुलटा होतोय ना ते मात्र आधी तपासा, सगळ्याच फोनांत तो होत नाही.

आता वीज. खरा छळ इथून सुरू होतो.

स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस आणि नेट चालू, अशा वेळी फोन साधारण ३ ते ५ वॉट खातो. चांगल्या फोनची बॅटरी चार-पाच तास तग धरते. पुण्याहून कोल्हापूरला निघालात तर कराडच्या आसपास फोन मान टाकतो. म्हणजे गाडीकडून चार्जिंग हवं. हे वाक्य गॅरेजमध्ये उच्चारलं की हात पुसत पुसत प्रश्न येतो, “साहेब, डायरेक्ट देऊ का?”

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ‘डायरेक्ट’ ही जवळजवळ मोक्षाची अवस्था आहे. मध्ये काही म्हणजे काही नाही. चावी नाही, फ्यूज नाही. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला तुम्ही. पाच मिनिटांत काम होतं, चार्जरवर निळा दिवा लागतो आणि सगळे खूश होतात. हा निळा दिवा, आणि त्याच्या शेजारी व्होल्ट दाखवणारे लाल आकडे असतील तर तेही, दिवसरात्र २० मिलिॲम्पियरच्या आसपास पीत राहतात. दिवसाला जवळपास अर्धा ॲम्पियर-तास. स्कूटरची बॅटरी मुळात ३ ते ५ ॲम्पियर-तासांची. चार दिवस गावाला जाऊन आलात की स्टार्टर नुसता ‘टिक’ म्हणतो. पूर्वी अशा वेळी किक असायची, काही नव्या गाड्यांना तीही नसते.

फ्यूज नसण्याचे परिणाम याहून रंगतदार. ती वायर सीटखालून निघते, पायदानाच्या खालून हँडलपर्यंत जाते आणि वाटेत कुठेतरी पत्र्याच्या कडेला घासत राहते. सहा महिन्यांनी तिचं कातडं जातं, तांबं चॅसीला टेकतं, आणि एवढीशी बॅटरीसुद्धा वायर लाल करण्याइतका प्रवाह सोडते. अनेक स्कूटरांत पेट्रोलची टाकीही त्याच शेजारात राहते.

म्हणून वीज चावीनंतरच्या, म्हणजे चावी फिरवली तरच प्रवाह येणाऱ्या लाइनमधून घ्यायची. प्रश्न असा की ती लाइन कुठली. घरातल्या वायरिंगचा अनुभव असलेला माणूस इथे हमखास फसतो. होंडाच्या गाड्यांत हिरवी वायर म्हणजे अर्थ, आणि काळी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा १२ व्होल्टचा जिवंत प्रवाह. यामाहात काळी अर्थ आणि तपकिरी जिवंत. रंगावर विश्वास ठेवून गाडीच्या वायरिंगमध्ये हात घालणं म्हणजे आडनावावरून स्वभाव ओळखणं, कधीकधी जमतं. व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर घ्या. चावी बंद असताना शून्य, चालू केल्यावर १२ च्या वर, आणि इंजिन सुरू असताना साडेतेरा ते साडेचौदा दाखवते ती आपली वायर.

हेडलाइटची वायर सगळ्यांत हाताशी असते, म्हणून मोह तिचाच होतो. बीएस-सहा या प्रदूषणाच्या नियमाआधीच्या कितीतरी स्कूटरांत हेडलाइट बॅटरीवर नव्हताच; तो थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या यंत्राच्या, एसी प्रवाहावर चालायचा. रेस दिली की दिवा उजळतो आणि सोडली की मिणमिणतो, अशी गाडी असेल तर त्या वायरीला चार्जर लावू नका. डीसीसाठी बनलेला चार्जर एसीवर पहिल्या चौकापर्यंत जगतो.

हॉर्नची वायर चालते, पण तपासून. अनेक गाड्यांत हॉर्नला चावीनंतर कायम प्रवाह असतो आणि बटण फक्त अर्थ जोडतं. काही गाड्यांत उलटं, बटण प्रवाहच तोडतं-जोडतं. तिथे चार्जर लावला तर हॉर्न दाबलेला असेल तेवढाच वेळ फोन चार्ज होईल. पुण्यातल्या लक्ष्मी रोडच्या गर्दीतून रोज जाणाऱ्यांना ही व्यवस्थाही पुरेल.

माझी पसंती ब्रेकच्या लिव्हरजवळच्या स्विचला. तिथे दोन वायरी येतात. एकीत चावी फिरवली की प्रवाह असतो, दुसरीत फक्त ब्रेक दाबल्यावर. पहिली घ्या. तिथून चार बोटांवर २ ॲम्पियरचा फ्यूज. चार्जर ५ व्होल्ट, २ ॲम्पियरचा असेल तर १० वॉट झाले. मधली गळती धरून गाडीकडून तो ॲम्पियरभरच घेतो. एवढ्यासाठी रिले, म्हणजे मोठा प्रवाह चालू-बंद करणारा वेगळा स्विच, लावणं म्हणजे कांदाभज्यांना आचारी बोलावणं. फ्यूजची डबी मात्र कव्हर न उघडता हात पोचेल अशा जागी ठेवा, पुढच्या कप्प्याच्या मागे वगैरे.

जोड पिळून वर काळी टेप, ही आपली राष्ट्रीय पद्धत. मे महिन्यात टेपचा गोंद वितळून ती सरकते आणि जूनमध्ये तांब्यावर हिरवा थर चढतो. वायरीच्या टोकांना दाबून बसवायचे धातूचे लग आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी वापरा. हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. दुकानदाराला ‘स्कूटरला लावायचंय’ एवढंच सांगू नका. तो आपुलकीने कारचा सॉकेट देतो.

हँडलचं कव्हर उघडताना स्क्रू कुठून काढला ते कागदावर मांडून ठेवा. सगळे दिसायला सारखे असतात, पण दोन लांब असतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला की समोरच्या प्लास्टिकला पुळी येते. कव्हरच्या आतल्या खाचा पहिल्यांदा उघडताना सहज सुटत नाहीत. दुसऱ्यांदा सुटतात, कारण पहिल्यांदाच तुटलेल्या असतात. बंद करण्याआधी गाडी मेन स्टँडवर घेऊन हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. वायर ताणली जाता कामा नये. मग इंजिन सुरू करून परत फिरवा. हँडल वळवताना रेस आपोआप वाढत असेल तर तुमची वायर ॲक्सिलरेटरच्या केबलला मिठी मारून बसली आहे. कव्हर पुन्हा उघडा.

एवढं करूनही फोन चार्ज होत नाही. टक्के घसरतच राहतात, वेग कमी होतो इतकंच. दोष चार्जरचा नसून केबलचा असतो. स्वस्त केबलमधल्या मीटरभर बारीक तारेत जाऊन-येऊन ०.४ ओहमचा अडथळा असतो. ॲम्पियरभर प्रवाहाला ५ व्होल्टचे ४.६ उरतात, आणि फोन नाक मुरडून कमी घेतो. आखूड, जाड आणि काटकोनात वळलेल्या तोंडाची केबल घ्या. आणि फास्ट चार्जिंगच्या मागे लागू नका. उन्हात स्क्रीन तापलेली, वर चार्जिंगची उष्णता, मग फोन आधी उजेड कमी करतो आणि नंतर चार्जिंगच थांबवतो. ॲपल आपल्या फोनसाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच योग्य मानते. नागपूरकरांना हा आकडा सांगू नये.

ऊन सोसलं तर पाऊस. थेंब पडले की स्क्रीनला वाटतं बोट लागलं, आणि नकाशा सोलापूरवरून भटकत अरबी समुद्रात जातो. जलरोधक पाकीट घातलं तर आत वाफ धरते. त्यापेक्षा पावसात स्क्रीन बंद करून आवाजावर जावं. सॉकेटचं तोंड खाली ठेवा, आणि वायर वर शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी झोक्यावरून गळून जाईल. काळा पोलराइज्ड गॉगल लावून काही फोनची स्क्रीन बघाल तर ती ठार काळी दिसेल. फोन बिघडलेला नसतो, आडवा करा.

सिग्नलला थांबल्यावर बाण स्वतःभोवती गरगरतो तेव्हाही फोन ठीकच असतो. थांबलेल्या गाडीची दिशा फोन होकायंत्रावरून ठरवतो, आणि होल्डर चुंबकाचा असेल तर ते होकायंत्रच बहकतं. चालू लागलात की बाण शुद्धीवर येतो. उड्डाणपुलाचं मात्र औषध नाही. जीपीएसला उंची आडव्या अंतरापेक्षा कच्चीच कळते, त्यामुळे तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली याचा तो अंदाज बांधतो. ऑगस्ट २०२३ मध्ये खुल्या झालेल्या पुण्यातल्या चांदणी चौकाच्या नव्या रचनेत माझ्या मते तो अंदाजही बांधत नाही, श्रद्धेवर सोडतो.

नकाशात दुचाकीचं चिन्ह निवडायचं विसरू नका. डिसेंबर २०१७ पासून गूगलने भारतात ती सोय दिलेली आहे. कारचं चिन्ह राहिलं तर तो तुम्हाला द्रुतगती मार्गावर किंवा अटल सेतूवर नेईल, आणि तिथे दुचाकीला बंदी आहे. फोन लावण्यावरून कुणी अडवलं, तर १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमाप्रमाणे लक्ष विचलित न होता रस्ता शोधण्यापुरता फोन वापरता येतो. हे नम्रपणे सांगताना स्क्रीनवर व्हॉट्सॲप उघडं नसावं.

आणि गाडी सर्व्हिसिंगहून परत आली की सही करण्याआधी पुढच्या कप्प्यामागे हात घालून फ्यूजची डबी चाचपा. धुताना प्रेशरचा फवारा सॉकेटच्या तोंडात जातो, फ्यूज आपलं काम करून उडतो, आणि २ ॲम्पियरचा फ्यूज गॅरेजमध्ये कधीच नसतो. डबी हाताला लागली नाही तर विचारू नका. विचारलंत तर उत्तर आनंदाने येईल, “तो फ्यूज सारखा उडत होता साहेब, डायरेक्ट करून दिलंय. त्याचे पैसे नाही लावले.”