प्रतिक्रियेला उत्तर: फेन्स जुळवायचा, पण कशाला धरून?

नमस्कार,

टेबल सॉवर (टेबलातून वर आलेल्या फिरत्या ब्लेडने लाकूड कापायचं मशीन) मागाहून बसवलेला टी-स्क्वेअर फेन्स (फळी जिला टेकवून सरकवतात ती टी आकाराची लांब आडपट्टी) कसा जुळवायचा, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि सडेतोड लिहिलंत. आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मायटर स्लॉटपासून (टेबलावर ब्लेडशेजारी कोरलेली लांब खाच) मापं घेण्याचा खटाटोप फुकटचा आहे, मोजायचा टेप लावून ब्लेडच्या पुढे आणि मागे अंतर सारखं केलं की झालं. मागचं टोक किंचित उघडं, म्हणजे ब्लेडपासून जरा लांब ठेवा, हा माझा सल्ला म्हणजे फेन्स वाकडाच बसवा असं सांगणं. आणि एवढं करूनही तुमच्या फळीची कड जळते, फेन्स ब्लेडपासून लांब नेला की समांतर राहत नाही, तेव्हा हा फेन्सच टाकाऊ आहे.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून मला फेन्सपेक्षा दुसऱ्याच दोन गोष्टींचा संशय येतो आहे. पण तिथे जायचं तर आधी टेपचा विषय संपवायला हवा.

उभं कापताना फळी फेन्स आणि ब्लेड यांच्यामधून जाते, स्लॉटचा तिथे काही संबंध नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. अडचण मोजण्यात आहे. 10 इंची ब्लेड पुरतं वर केलं तरी टेबलाच्या पातळीला पुढचा आणि मागचा दात यांत जेमतेम 23 सेंमी अंतर भरतं. फेन्स त्याच्या तिप्पट-चौपट लांब. टेपवर अर्धा मिलिमीटर खात्रीने वाचता येत नाही, त्यातून दात आलटूनपालटून डावी-उजवीकडे घासलेले असतात आणि ब्लेडला स्वतःचा थोडा डुगडुगाट असतोच. एवढ्या आखूड आणि हलत्या वस्तूवरून लांब फेन्सची दिशा ठरवायची म्हणजे पुढे अर्धा मिलिमीटर चुकला की शेवटच्या टोकाला दोन चुकतो. टेबलावर कधीच न हलणारी, सरळ तासलेली आणि लांब अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मायटर स्लॉट. म्हणून आधी ब्लेड स्लॉटला समांतर करायचं आणि मग फेन्स त्याच स्लॉटला. हा क्रम उलटा केला तर ब्लेडची चूक फेन्समध्ये उतरते, आणि पुढे कधी ब्लेड सरळ केलंत की जुळवलेला फेन्स पुन्हा बिघडलेला दिसतो.

यासाठी डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक) लागतोच असंही नाही. मायटर गेजला (स्लॉटमध्ये कांब बसवून पुढेमागे सरकवायचा आधार) एक सरळ लाकडी पट्टी घट्ट बांधा आणि तिच्या टोकाला एक स्क्रू अर्धवट आत घाला. मशीनचा प्लग काढून ठेवा. ब्लेडच्या एका दातावर खूण करा आणि तो दात पुढे असताना स्क्रूचं डोकं त्याला नुसतं टेकेल असं करा. आता ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणा, गेजही मागे सरकवा. तोच दात घ्यायचा, कारण मग ब्लेडच्या डुगडुगाटाचा प्रश्न उरत नाही. मागे दात स्क्रूवर पुढच्याइतकाच घासला, तेवढाच बारीक आवाज आला, तर ब्लेड स्लॉटला समांतर आहे. फट दिसली तर फिलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) पात घालून बघा. दात उलट स्क्रूवर अडत असेल तर मागे टेकवून फट पुढे मोजा. 0.1 मिमीच्या आत असेल तर ब्लेडला हात लावू नका. आवाजावरून आणि बोटांना जाणवणाऱ्या घासण्यावरून एवढा बारीक फरक कळतो, यावर करून बघेपर्यंत विश्वास बसत नाही.

आता तुमची जळणारी कड. कोणती कड जळते ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं निदान त्यावरच आहे. फेन्सकडच्या तुकड्याची कड जळत असेल तर ब्लेडचा मागचा भाग त्या तुकड्याला घासतो आहे, म्हणजे फेन्स मागे आत आलेला असावा. पलीकडे सुट्या पडणाऱ्या तुकड्याची कड जळत असेल तर फेन्स मागे गरजेपेक्षा जास्त उघडा असावा. ब्लेडच तिरकं असेल तरीही हीच लक्षणं दिसतात, म्हणून दोन्ही वेगळे काढायला एक सोपी चाचणी आहे. फेन्स पूर्ण बाजूला काढा, फळी मायटर गेजला क्लॅम्पने बांधा आणि आडवा काप घ्या. पुढच्या दातांनी कापून झाल्यावर मागचे दातही खरखर करत पुन्हा कापू लागले तर दोष ब्लेडचा. तिथे फेन्स नाहीच, तर त्याला दोष कसा देणार? काप शांत गेला तर मात्र फेन्सकडे वळा. त्याआधी रायव्हिंग नाइफ (ब्लेडच्या मागे उभी असलेली, काप मिटू न देणारी पात) बघून घ्या. ती ब्लेडच्या रेषेत नसून फेन्सकडे जराशी सरकलेली असेल, तर फळी ती आणि फेन्स यांच्यात आवळली जाते, निम्म्यात अडकते आणि शिव्या फेन्सला बसतात. राळ चिकटलेलं किंवा बोथट ब्लेडही कडा जाळतं, ते वेगळं सांगायला नको.

फेन्स लांब नेला की फरक पडतो, हे तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात बोलकं वाटलेलं वाक्य. फेन्सचं डोकं (टेबलाच्या पुढच्या दांडीवर, म्हणजे रेलवर, बसणारा आडवा भाग) बिघडलेलं असतं तर चूक सगळीकडे सारखीच आली असती. चूक जागेनुसार बदलते, त्या अर्थी रेल सरळ नाही. बीझमायर पद्धतीच्या, म्हणजे अशा टी-स्क्वेअर फेन्समध्ये सगळी दिशा पुढच्या एका रेलवरून ठरते. लीव्हर दाबला की कॅम (लीव्हरला जोडलेला दाबणारा उंचवटा) रेलच्या एका बाजूने रेटतो आणि डोक्यातले दोन पॅड विरुद्ध बाजूला घट्ट बसतात. रेल जिथे जशी वळेल तसा फेन्स वळतो. मागाहून घेतलेली रेल आपण टेबलाच्या पुढच्या कडेला बोल्टने आवळतो, पण ती कड कारखान्यात पृष्ठभागाइतक्या काळजीने तासलेली असेलच असं नाही. टेबल आणि बाजूचा पंख (टेबल रुंद करायला जोडलेला भाग) यांच्या सांध्यावर तर हमखास बारीकशी पायरी सापडते. बोल्ट आवळला की रेल त्या खळग्यात ओढली जाते.

लांब सरळ पट्टी रेलच्या पॅड टेकतात त्या बाजूला धरा आणि मागून उजेड टाका. उजेड जिथे दिसेल त्या जागेजवळचे बोल्ट ढिले करा. फट मिटली तर रेल मुळात सरळ आहे, फक्त ओढली गेली होती. मग त्या बोल्टपाशी रेल आणि टेबल यांच्यामध्ये पातळ पत्र्याचं पॅकिंग घालून पुन्हा आवळा. बोल्ट ढिले करूनही फट राहिली तर रेल खरोखर वाकलेली आहे, आणि तसं निघालं तर तुमच्या तक्रारीत मी तुमच्या बाजूने आहे.

रेल सरळ झाल्यावरच पॅडचे सेट स्क्रू हातात घ्यायचे, आधी नाही. दोन पॅडमधलं अंतर फेन्सच्या लांबीपेक्षा बरंच कमी असतं, त्यामुळे स्क्रू केसभर फिरवला तरी मागचं टोक चांगलंच हलतं. एका वेळी एकच स्क्रू थोडासा फिरवा, लीव्हर लावा, स्लॉटपासून पुढे आणि मागे मोजा. लॉक काढून पुन्हा लावल्यावर माप बदलत असेल तर एखादा पॅड टेकत नाही, किंवा रेलवर भुसा किंवा रंगाचा ठिपका आहे. सरकवताना फेन्स डोक्यापाशी धरून सरकवा. मागच्या टोकाला धरून ओढलात तर तो तिरका येतो आणि तसाच लॉक होतो. लॉक केल्यावर मागचं टोक हाताने रेटलं की जरा लवतं, त्याची काळजी करू नका, एकाच ठिकाणी लॉक होणाऱ्या फेन्सचा तो स्वभाव आहे. सोडल्यावर तो मूळ मापावर परत येतो का, तेवढं बघा. येत नसेल तर कॅम ढिला आहे.

मागे उघडं ठेवण्याबद्दल. फेन्स अगदी समांतर असणं हेच उत्तम, यात आपलं एकमत आहे. पण शून्य चूक कोणालाच साधत नाही, आणि उरलेली चूक कोणत्या बाजूला असावी यावर मी ठाम आहे. मिनिटाला 4000 फेरे घेणाऱ्या 10 इंची ब्लेडचा दात ताशी सुमारे 190 किमी वेगाने जातो. मागचे दात टेबलातून वर येत असतात. फेन्स मागे आत आला तर फळी त्यांच्यावर दाबली जाते, ते तिला उचलतात आणि तुमच्याकडे फेकतात. म्हणून मागे 0.1 मिमी उघडा चालेल, आत केसभरही नको. त्याहून जास्त उघडू नका, याचं एक कारण सहसा कोणी सांगत नाही: उजवीकडे असताना मागे उघडा असलेला फेन्स ब्लेडच्या डावीकडे नेलात की तोच मागे आत आलेला असतो. तुम्ही डावीकडेही कापत असाल तर जितकं शून्याच्या जवळ जाता येईल तितकं जा.

रेलवरच्या मापपट्टीचा काटा सगळ्यात शेवटी, एक तुकडा कापून कॅलिपरने मोजून बसवा. जाड ब्लेड काढून पातळ लावलंत तर तो पुन्हा तपासा.

तोपर्यंत एवढं करा: ब्लेडजवळ, रेलच्या मधोमध आणि शेवटाला, अशा तीन जागी फेन्स लॉक करा. प्रत्येक जागी स्लॉटमध्ये बसणाऱ्या मायटर गेजला बांधलेल्या पट्टीने फेन्सचं पुढचं आणि मागचं अंतर मोजा, आणि कोणती कड जळते तेही लिहा. ती सहा मापं मिळाली की पॅकिंग कोणत्या बोल्टपाशी द्यायचं ते बऱ्यापैकी खात्रीने सांगता येईल.