फराळानंतर आंचवायचं का नाही?

वाईला आजीच्या घरी पंगत उठली की एकच वाक्य ऐकू यायचं, "आंचवून या." मागच्या दाराशी पाण्याची बादली आणि पितळी तांब्या असायचा. हात धुवायचे, खळखळून चार चुळा भरायच्या आणि मगच सुपारी, गप्पा, वामकुक्षी. न आंचवता कुणी लवंडलं तर आजी त्याला उठवून मागच्या दारी धाडायची. तिच्या लेखी तोवर ते तोंड उष्टंच.

दिवाळीच्या फराळाला मात्र तिच्या घरीही हा नियम नव्हता. फराळ म्हणजे काही जेवण नव्हे, असं सगळेच धरून चालायचे. येता-जाता डब्यात हात घालायचा, दोन शंकरपाळ्या तोंडात टाकायच्या आणि अंगणात पळायचं. आमच्या घरी आजही तेच चालतं, तुमच्याकडेही चालत असेल. आज त्याबद्दलच लिहायचं आहे, कारण त्याची किंमत माझ्या लेकीच्या दाढेनं मोजली आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. आठ वर्षांची लेक एकाच बाजूनं जेवत होती. मी म्हटलं, दुधाची दाढ असेल, पडेल. रात्री ठणका लागला आणि ती रडत उठली तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आरसा धरून मला दाखवलं, "ताई, ही दुधाची नाही, कायमची दाढ आहे. ही पडली तर परत येणार नाही."

मला हे माहीतच नव्हतं. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. वर दोन, खाली दोन, अशा या चार दाढा आयुष्यभर सर्वात जास्त चावायचं काम करतात. त्यांच्यावर खोल खाचा असतात आणि शंकरपाळीचा भुगा नेमका तिथेच बसतो. कीड लागायच्या आधी या खाचा बुजवून घेता येतात, हेही मला तेव्हाच कळलं. तुमच्या घरी सहा-सात वर्षांचं मूल असेल तर आज रात्री टॉर्च घेऊन त्याच्या तोंडात बघा. आणि दुधाच्या दाढासुद्धा "पडणारच आहेत" म्हणून सोडून देऊ नका. त्या दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात.

लेकीची दाढ वाचली, पण चार खेपा झाल्या. इंजेक्शनच्या भीतीनं ती माझा हात इतका घट्ट धरायची की बोटं पांढरी पडायची. एका दिवाळीत दाढ किडत नाही, हे मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ती कीड आधीपासून होती. दिवाळी फक्त शेवटचा धक्का देऊन गेली.

मग मी त्यांनाच विचारलं, नेमकं होतं काय? दातांवर जंतूंचा चिकट थर असतो. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की ते जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. नंतर लाळ ते आम्ल हळूहळू शमवते आणि गेलेली खनिजं थोडीफार परत भरून काढते. याला अर्धा तास ते तासभर लागतो. आता हिशेब करा. चार शंकरपाळ्या एकदम खाल्ल्या तर दातांवर एक हल्ला होतो. त्याच चार दर अर्ध्या तासानं खाल्ल्या तर चार होतात आणि लाळेला मधे उसंतच मिळत नाही. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं आहे.

हे जगाला कळलं तेही फार क्लेशदायक मार्गानं. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत मतिमंद रुग्णांना दोन जेवणांच्या मधे मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या गेल्या. त्यांचे दात भराभर किडले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे मात्र त्या मानानं कमी किडले. त्या माणसांची संमती कुणी घेतली नव्हती. त्यांनी सोसलेल्या दुखण्यातून आलेलं हे ज्ञान आपण वापरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून मी फराळ बंद करा असं कधीच म्हणणार नाही. अनारशाशिवाय दिवाळी मलाही नको. माझं म्हणणं इतकंच, की फराळाला जेवणाचा मान द्या. ताटलीत वाढून घ्या, बसून खा, पोटभर खा आणि मग आंचवा. डबा दिवसातून दोनदाच उघडायचा, बाकी वेळ तो फळीवर. चूळ भरल्यानं कीड थांबत नाही, पण दातांत अडकलेला भुगा आणि तोंडात रेंगाळणारा पाक बराचसा निघून जातो. आणि हे फक्त लाडू-करंजीचं नाही. चिवडा आणि शेव तिखट म्हणून निर्धास्त राहू नका. पोहे, बेसन, मैदा यांतला स्टार्च दाढांना चिकटून बसतो आणि तोंडातच त्याची साखर होते. चिवडा खाल्ल्यावर जीभ दाढांवरून फिरवून पाहा, लगेच समजेल.

सर्वात जास्त जपायची ती रात्र. लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे, मग जेवण, मग फटाके, आणि दमलेली पोरं तशीच झोपतात. झोपेत लाळ खूप कमी सुटते, म्हणजे रात्रभर दातांना राखण नाही. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानासाठी पोरांना उठवायला आपण किती धडपडतो! रात्री दात घासायला त्यांना फक्त दोन मिनिटं जास्त जागं ठेवा. फ्लोराइडची पेस्ट वापरा. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पुरते. घासून झाल्यावर पेस्ट थुंकून टाकायची, पण लगेच चुळा भरून ती धुवून काढायची नाही. तिला थोडा वेळ काम करू द्या.

आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, गोष्ट वेगळी. रक्तदाबाच्या गोळीनं त्यांचं तोंड कोरडं पडतं, त्यामुळे हिरड्यांलगत दात लवकर किडतात. त्यात मागच्या वर्षी कडबोळं कडक झालं होतं आणि त्यांच्या जुन्या सिमेंट भरलेल्या दाढेचा तुकडा पडला. आता त्यांच्यासाठी भाजणीत मोहन जास्त घालते आणि कडबोळी चहात बुडवून देते. खालच्या बाजूची कवळी ते रात्री काढून, घासून पाण्यात ठेवतात. पूर्वी तशीच घालून झोपायचे.

आणि ऐन दिवाळीत दात दुखलाच तर? बहुतेक दवाखाने बंद असतात. लवंगेच्या तेलाचा बोळा तात्पुरता चालतो. दुखऱ्या जागी गोळी दाबून धरायची जुनी सवय मात्र सोडा, त्यानं हिरडी भाजते. पळताना पडून मुलाचा कायमचा दात मुळासकट निघाला तर तो मुळाकडून न धरता वरच्या बाजूनं धरा, दुधात ठेवा आणि तासाभरात डॉक्टरांकडे पोचा. तो परत बसवता येऊ शकतो. गालावरची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल, ताप असेल, गिळता येत नसेल, तर सण बाजूला ठेवून थेट मोठं हॉस्पिटल गाठा. खर्चाच्या भीतीनं थांबू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे खूप कमी पैशांत उपचार होतात.

त्यापेक्षा आधीच दाखवून घेतलेलं बरं. आम्ही यंदा वसुबारसेच्या आधीच्या शनिवारची वेळ घेतली आहे. लेक, मी आणि अण्णाही.