‘तेलकट चेहऱ्याला सनस्क्रीन नकोच’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

मार्च उजाडला की सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, ऐवज तोच. चेहऱ्यावरचं तेलच ऊन अडवतं, त्यात आपण सावळे, म्हणून तेलकट त्वचेला सनस्क्रीनची गरज नाही. सनस्क्रीन म्हणजे तेलावर तेल, त्याने पिंपल येतात. लावायचंच झालं तर एसपीएफ (ऊन अडवण्याच्या ताकदीचा आकडा) 100 चा मटारच्या दाण्याएवढा ठिपका दिवसभर पुरतो. चिकट वाटलं तर वरून टाल्कम पावडर मारा. नाहीतर खोबरेल, हळद, लिंबू घरात आहेच. आणि स्कार्फ-सनकोट असला की यातलं काहीच नको.

या सगळ्यात चिकटपणाची तक्रार तेवढी खरी आहे. मेच्या दुपारी विश्रामबागेच्या सिग्नलला उभं राहिलं की कपाळावरून क्रीम ओघळून डोळ्यात जातं, त्याला कोण नाही म्हणेल? पण तो दोष चुकीच्या बेसचा, म्हणजे ऊन अडवणारे घटक ज्यात मिसळतात त्या मिश्रणाचा, आणि लावायच्या पद्धतीचा आहे, आणि दोन्ही बदलता येतं.

‘चेहऱ्यावरचं तेल हेच नैसर्गिक सनस्क्रीन.’

त्वचेचं तेल, म्हणजे सीबम, त्वचा मऊ ठेवतं. अतिनील किरण अडवायची म्हणण्यासारखी ताकद त्यात नाही. उलट सीबममध्ये साधारण दहा-बारा टक्के स्क्वालीन असतं. उन्हात त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून तयार होणारे पदार्थ छिद्रं बुजवायला हातभार लावतात. म्हणजे तेल जास्त असेल तर उन्हात छिद्रं बुजण्याचा त्रास वाढूही शकतो.

सावळ्या रंगाचं म्हणाल तर मेलॅनिन संरक्षण देतं, पण मोजकं. अगदी गडद काळ्या त्वचेतही ते सुमारे एसपीएफ 13 इतकंच धरलं जातं, आपला गव्हाळ-सावळा रंग त्याच्याही खाली. शिवाय आपल्याकडचा खरा प्रश्न त्वचा भाजण्याचा नसून डागांचा आहे. पिंपल बसला की मागे तपकिरी डाग राहतो, आणि ऊन लागत राहिलं तर आठवड्यांत फिका होणारा डाग महिनोन् महिने हलत नाही. सांगली 17 अंश उत्तर अक्षांशाच्या जरा खाली आहे. सूर्य इथे वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. उन्हाळ्यात निरभ्र दुपारी यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, 11 च्या वर जातो. ऑगस्टात आभाळ भरलेलं असतं खरं, पण पातळ ढगांतून बहुतेक अतिनील किरण खाली येतातच.

‘सगळी सनस्क्रीन तेलकटच असतात, त्यांनी पिंपल येतात.’

इथे जरा थांबून बघावं लागेल, कारण ट्यूबवरचे शब्दही लोकांना फसवतात.

ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रायलीन, होमोसॅलेट हे ऊन शोषणारे फिल्टर मुळातच तेलकट द्रव आहेत. ॲव्होबेन्झोन पावडर असते, पण ती विरघळवायला तेलच लागतं. म्हणून ‘ऑइल-फ्री’ लिहिलेली ट्यूबही चमकू शकते. त्या शब्दाचा अर्थ इतकाच की वेगळं वनस्पती किंवा खनिज तेल घातलेलं नाही. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (छिद्रं न बुजवणारं) हा शब्दही कंपनीचा दावा असतो, त्यामागे एकच ठरलेली सरकारी चाचणी नाही. तेव्हा मागच्या बाजूची घटकांची यादी वाचा. ती प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिली सहा-सात नावं पुरतात. तिथे डायमेथिकोन, आयसोडोडेकेन, सिलिका, अल्कोहोल डिनॅट दिसलं तर बेस कोरडा बसणारा आहे. शिया बटर, खोबरेल, आयसोप्रोपिल मिरिस्टेट किंवा पेट्रोलॅटम दिसलं तर ट्यूब मेडिकलवाल्याला परत द्या.

सिलिकॉन जेल पारदर्शक असतं, बोटाला मखमली लागतं, पांढरं पडत नाही. तेलकट चेहऱ्यासाठी सांगलीच्या उन्हाळ्यात पहिली पसंती यालाच द्यावी. त्याची खोड एक: मॉइश्चरायझरवर घाईने चोळलं की पांढऱ्या वळ्या निघतात. बाटलीतलं पातळ फ्लुइड सगळ्यात लवकर सुकतं, पण त्यातले घटक तळाशी बसतात, म्हणून वापरण्याआधी बाटली नीट हलवावी लागते. न हलवता ओतलं तर वर पाणचट आणि शेवटी गाळ. शिवाय अल्कोहोलचं प्रमाण जास्त असेल तर ॲडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड ही पिंपलची औषधं लावणाऱ्याला ते झोंबतं. सिलिका-स्टार्च घातलेलं मॅट क्रीम छान कोरडं दिसतं, मात्र त्यात झिंक किंवा टायटॅनियम जास्त असेल तर सावळ्या चेहऱ्यावर राखाडी छटा येते आणि दाढीच्या खुंटांत पांढरं अडकतं. ही छटा टाळायची असेल तर रंग मिसळलेलं, म्हणजे टिंटेड घ्या. त्यातली आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतात, आणि वांग असणाऱ्यांना त्याचा फायदा होतो.

‘ॲक्वा जेल’ नावाला मात्र भुलू नका. लावताना गार वाटतं ते त्यातल्या पाण्यामुळे. पाणी उडालं की मागे फिल्टर आणि ग्लिसरीन उरतं, आणि तासाभरात चेहरा लावल्यापेक्षा जास्त चमकतो.

मॅटपणाचीही मर्यादा समजून घ्या. सिलिकाचे सच्छिद्र कण तेल शोषतात, पण ते भरले की संपलं. ‘आठ तास मॅट’ हे वातानुकूलित ऑफिसात बसणाऱ्याला कदाचित जमेल. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीला (वेलींच्या उन्हाळी छाटणीला) उभं राहणाऱ्याने तो हट्ट सोडून वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं घ्यावं. बागेत थोडी चमक चालते, ओघळ चालत नाही.

आता पिंपलचं. सनस्क्रीनमुळे छिद्रं बुजून पिंपल येतात तेव्हा ते दुसऱ्या दिवशी उगवत नाहीत, काही आठवडे लागतात. लावल्या लावल्या जळजळ, खाज, लाली आली तर ती ॲलर्जी किंवा चिडलेली त्वचा. कपाळावर एकसारखे बारीक, खाजणारे दाणे उठले तर ते घामात वाढणाऱ्या यीस्टचे असू शकतात, आणि पिंपलच्या औषधाने ते हटत नाहीत. हनुवटीला, जबड्याला हेल्मेटचा पट्टा आणि घामट स्कार्फ घासूनही फोड येतात. आणि फार मोठा वाटा रात्री न निघालेल्या थराचा. सिलिकॉनचं, वॉटर रेझिस्टंट सनस्क्रीन नुसत्या पाण्याने जात नाही. आधी मायसेलर वॉटरने (मेकअप काढायच्या पाण्याने) पुसायचं, मग फेसवॉश मिनिटभर चोळून धुवायचं. नाकाच्या कडा आणि केसांची रेघ हमखास राहून जाते.

‘एसपीएफ 100 चा मटारच्या दाण्याएवढा ठिपका दिवसभर पुरतो.’

सगळ्या फॉरवर्डमधला सगळ्यात घातक सल्ला हा, कारण तो पाळणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असंच वाटत राहतं.

एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तो दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका थर देऊन. चेहरा आणि गळा धरला तर हे साधारण 1 ते सव्वा ग्रॅम होतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. फ्लुइड बोटावर थांबत नाही, त्यासाठी पाव टीस्पून धरा. मटारचा दाणा याच्या पाव भागाच्या आसपास येतो. थर निम्मा केला की संरक्षण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. द्राक्षबागेत औषध कितीही भारी आणलं आणि फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचलाच नाही, तर दावण्या हा बुरशीचा रोग यायचा तो येतोच, इथेही तसंच.

स्वतःला तपासायचा सोपा हिशेब आहे. 50 ग्रॅमची ट्यूब रोज एकदा नीट लावली तर दीड महिना, फार तर 50 दिवस जाते. चार महिने पुरत असेल तर थर निम्म्यापेक्षाही पातळ आहे.

आकड्यांच्या मागे धावण्यातही अर्थ नाही. पूर्ण थर दिला तर एसपीएफ 30 यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवतं, 50 सुमारे 98. आकडा वाढवायला फिल्टर जास्त घालावे लागतात आणि बऱ्याचदा त्यासोबत चिकटपणाही वाढतो. म्हणून अंगाला सोसेल असं एसपीएफ 30 भरपूर लावणं हे चिकट 100 चाटून लावण्यापेक्षा कधीही बरं. 50 मॅटमध्ये मिळालं तर उत्तमच, कारण हात आखडता राहतोच. मात्र एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचं सांगतं. रंग काळवंडवणाऱ्या यूव्हीए या दुसऱ्या अतिनील किरणांसाठी ट्यूबवर ‘पीए’पुढच्या अधिकच्या (प्लस) खुणा बघा, किमान तीन. चार असतील तर आणखी चांगलं.

लावायचं कसं? तोंड सौम्य फेसवॉशने धुऊन टिपून घ्या. तेलकट चेहऱ्याला उन्हाळ्यात बहुधा मॉइश्चरायझर लागत नाही. औषधांनी त्वचा कोरडी पडली असेल तर जेलचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं थांबा. मग सनस्क्रीनची एक रेघ कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी अशी ठेवून पसरवा, दाबून बसवा, रगडू नका. दोन मिनिटांनी दुसरी रेघ. एकदम सगळं थापलं की वळ्या आणि चट्टे, दोन भागांत दिलं की तेवढंच प्रमाण कोरडं बसतं. कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका. स्कार्फ किंवा हेल्मेट चढवायच्या आधी पंधरा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर अर्धं कापडालाच. डोळ्यात झोंबत असेल तर भुवयांखाली आणि पापण्यांजवळ झिंकची स्टिक वापरा, बाकी चेहऱ्यावर नेहमीचं.

दिवसभराचं म्हणाल तर उन्हात असाल तेव्हा दर दोन तासांनी पुन्हा. आधी टिश्यूने घाम-तेल टिपायचं, पुसायचं नाही, मग थर. ट्यूब बरोबर न्या, पण स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. मेच्या उन्हात डिकी तापते, क्रीम फुटतं आणि दाबलं की आधी पाणी, मग तेलकट गोळा येतो. असं फुटलेलं सनस्क्रीन हलवून वापरण्यात अर्थ नाही, त्याच्या आकड्याचा भरवसा उरत नाही.

‘चिकट वाटलं तर वरून टाल्कम.’

पूर्ण सुकल्यावर नाक-कपाळावर लूज पावडरचा हलका हात चालतो. ओल्या थरावर टाल्कम थापलं तर गाठी होतात, थर तुटतो, आणि घाम आला की गळ्यापर्यंत पांढऱ्या रेघा. पावडर स्वतः ऊन अडवत नाही. दुपारी नुसती पावडर मारून ‘पुन्हा लावलं’ असं धरू नका.

‘खोबरेल, हळद, लिंबू आहेच की.’

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तिच्याबद्दल वाद नाही. पण लेप धुऊन टाकल्यावर चेहऱ्यावर उरतो तो पिवळेपणा, संरक्षण नाही. खोबरेलाचं संरक्षण नगण्य आणि ते तेलकट त्वचेची छिद्रं बुजवायला पुढे. लिंबू तर उन्हाआधी हातही लावू नये असा. त्याच्या रसात-सालीत प्रकाशाला प्रतिक्रिया देणारी द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, मागे गडद डाग राहतात. डाग घालवायला लिंबू चोळून तेच डाग वाढवणं याला काय म्हणावं!

‘स्कार्फ-सनकोट असला की काहीच नको.’

सनकोट चांगलाच आहे, घालाच. जाड, घट्ट विणीचं, गडद कापड असेल तर त्याखाली सनस्क्रीनची गरज नाही. अडचण पातळ स्कार्फची. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ (कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा) साधारण 5 ते 7 असतो, म्हणजे पाचवा-सातवा हिस्सा आत येतोच, आणि घामाने ओला झाला की आणखी. स्कार्फचा एक पदर ट्यूबलाइटसमोर धरा. नळी स्पष्ट दिसली तर तो धूळ अडवायला ठीक, उन्हाला नाही. शिवाय नेमका उघडा राहतो तो नाकाचा शेंडा, डोळ्यांखालचा भाग आणि भुवयांवरची पट्टी, आणि वांग उमटतो तो बऱ्याचदा याच भागांत. स्कार्फ बांधणाऱ्यांनी निदान एवढ्या पट्ट्यात पूर्ण थर द्यावा.

काचेचंही तेच. साध्या खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळपास अडतं, यूव्हीए बरंचसं आत येतं. सकाळच्या सांगली-पुणे एसटीत उजव्या खिडकीशी बसलात तर ऊन त्याच बाजूने येतं. त्या दिवशी उजवा गाल, कान आणि खिडकीवर टेकवलेला हात यांचा हिशेब आधी करा.