जंगली महाराज रस्त्याच्या फुटपाथला दोष देण्याआधी

पुण्यात सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले म्हणून तिथे कोंडी होते, पुण्यात हल्ली चालतं कोण, दुकानदारांचा धंदा बसला, आणि एवढा खर्च करून फुटपाथवर फेरीवाले नि दुचाक्याच. सबब फुटपाथ पुन्हा अरुंद करा. मी या रस्त्यावरून आठवड्यातून तीन-चारदा पायी जाते, आणि हा मेसेज मला मनापासून चुकीचा वाटतो.

आधी कोंडीचं बघू. संध्याकाळी सातच्या सुमारास संभाजी उद्यानापाशी दहा मिनिटं उभं राहा. पार्किंगच्या खाचा भरलेल्या असतात. त्यांच्या बाहेर एखादी चारचाकी ब्लिंकर लावून "दोनच मिनिटं" उभी असते. तिला वळसा घालायला रिक्षा उजवीकडे घुसते, मागची पीएमपीची बस करकचून ब्रेक मारते आणि तिच्यामागचे सगळे हॉर्न वाजवायला लागतात. फुटपाथ मात्र आपल्या जागी असतो. रस्त्यावरून गाड्या जातात त्या त्याच्या सगळ्यात अरुंद जागेतून जातील तेवढ्याच. मध्येच चार-सहा फूट जास्त मिळाले तर तिथे कुणी वेगात जात नाही, गाडी लावतो. शिवाय हा रस्ता एकेरी आहे आणि सगळी वाहतूक शेवटी डेक्कनच्या सिग्नललाच येऊन थांबते. मधला रस्ता वाढवला तर सिग्नलची रांग लांबीऐवजी रुंदीत मोठी होईल, इतकंच.

रुंदी वाढवून, पूल बांधून कोंडी सुटत असती तर विद्यापीठ चौकात ती कधीच सुटली असती. तिथले उड्डाणपूल कोंडी फोडण्यासाठीच बांधले होते. 2020 साली मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी ते पाडले. पंधरा वर्षंही टिकले नाहीत.

"चालतं कोण?" हा प्रश्न गाडीच्या काचेआडून पडतो. बसने येणारा प्रत्येक माणूस थांब्यापर्यंत चालत येतो. 2023च्या ऑगस्टपासून डेक्कनवरून मेट्रो धावते, तिचे प्रवासीही पायीच बाहेर पडतात. गाडी लावून हॉटेलात जाणारासुद्धा शेवटची शंभर पावलं चालतोच. बालगंधर्व रंगमंदिरातला प्रयोग सुटल्यावर तर फुटपाथ गच्च भरतो. आणि जिथे लोक चालताना दिसत नाहीत, तिथे चालण्याजोगी जागा आहे का, हे आधी बघायला हवं. आमच्या घराजवळच्या रस्त्यावर फुटपाथ जवळजवळ गुडघ्याइतका उंच आहे आणि दर दुकानापाशी तुटलेला. माझी आई तिथे खाली रस्त्याच्या कडेनंच चालते, कारण दर वीस पावलांवर चढ-उतार तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. तीच आई याच रस्त्यावर बालगंधर्वपासून पाताळेश्वर लेण्यांपर्यंत माझ्याशी बोलत, खाली न बघता चालते. मध्ये बाकावर टेकते, झाडाखाली पाणी पिते, पुन्हा उठते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला शहरात असं चालता येणं ही चैन आहे, असं कुणाला खरंच म्हणायचंय का?

धंद्याच्या मुद्द्यावर मला तुळशीबागेचा बाजार आठवतो. आत चारचाकी शिरत नाही, दुचाकी शिरली तर बायका तिला परतवून लावतात, आणि तरी दिवाळीच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते. लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबर 2021 रोजी महापालिकेनं पहिल्यांदा पादचारी दिन केला. त्या दिवशी गाड्या बंद होत्या, दुकानं नाही. गिऱ्हाईक काचेतली साडी बघून थबकतं ते चालताना. चाळीसच्या वेगानं जाणाऱ्याला साडी दिसतच नाही. दुकानदारांची माल उतरवण्याची अडचण मात्र खरी आहे. त्यासाठी सकाळची ठरावीक वेळ राखून द्यायला हवी, आणि ती पाळली जायला हवी.

अतिक्रमणाबद्दल मेसेजचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. सिग्नल लागला की दुचाक्या फुटपाथवर चढतात. मलाही मागून हॉर्न देऊन बाजूला व्हायला लावलंय, आणि त्याचा संताप येतो. पण घरात चोर शिरला म्हणून कुणी घर पाडत नाही. खांब लावा, दंड करा. फेरीवाल्यांना मी या यादीत घालणार नाही. त्यांच्यासाठी 2014चा केंद्रीय कायदा आहे. त्यांचं सर्वेक्षण करून, प्रमाणपत्र देऊन, जागा ठरवून द्यायच्या असतात. रात्री साडेदहाला एकटी जाताना कणसं भाजणाऱ्याच्या शेगडीचा उजेड दिसला की मला धीर येतो. त्याला बसवायचं कुठे, हे ठरवण्याइतकी जागा रुंद फुटपाथवरच निघते.

खर्चाबद्दल एकच. 2025च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वापरण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम 21मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तेव्हा हा पैसा सुशोभीकरणात मोजू नका.

कोंडी खरोखर कमी करायची असेल, तर महापालिकेच्या मुख्य सभेनं 2018 सालीच मंजूर केलेलं पार्किंग धोरण आहे. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे मोजा, एवढी साधी गोष्ट. ते वर्षानुवर्षं अडकून पडलं. ग्रुपवरचा पुढचा मेसेज त्याबद्दल लिहा, मी स्वतः तो पुढे पाठवीन.