मराठी टायपिंग मुलांना शिकवायलाच हवं

या सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा ताईशी माझा वाद झाला. सातवीतल्या भाचीला इन्स्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या की-बोर्डवर मराठी टाइप करायला शिकव, असं मी म्हटलं. ताई म्हणाली, "कशाला तो उपद्व्याप? इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मराठी उमटतं, नाहीतर फोनशी बोलायचं. वस्तू अशी हवी की ती शिकावीच लागू नये."

तिचं निम्मं म्हणणं मला पटतं. सोपेपणाने काय होतं ते पुण्याने पाहिलंय. १९७२ मध्ये लूना ही मोपेड आली, पुढे बिनगिअरची कायनेटिक होंडा स्कूटर. क्लच-गिअरची कटकट गेली आणि आमच्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायका कुणाच्या मागे न बसता नोकरीला, मंडईत जाऊ लागल्या. मी राहते त्या जर्मनीत शहरागणिक प्रवासभाड्याचे झोन वेगळे, तिकिटं वेगळी. मे २०२३ पासून देशभरच्या लोकल गाड्या, बस, ट्राम यांना चालणारं महिन्याचं एकच तिकीट मिळू लागलं, तेव्हा ४९ युरोंना. नंतर दर वाढला, पण झोनचा नकाशा वाचत बसणं सुटलं. तिकीट काढण्यात कुणी पारंगत व्हावं, असं त्यात आहेच काय?

पण याच देशात प्राथमिक शाळेतली मुलं शाईच्या पेनाने लिहायला शिकतात, बॉलपेन स्वस्त नि सोपं असूनही. चौथीच्या सुमाराला त्यांची सायकलची परीक्षा होते. वाहतूक उजवीकडून, त्यामुळे डावं वळण सगळ्यात अवघड: मागे बघायचं, हात दाखवायचा, समोरच्याला जाऊ द्यायचं. पोलीस ते पुन्हा पुन्हा करून घेतात. जन्मभर लागणारी गोष्ट आहे, मग सुरुवातीचा त्रास झाला तर होऊ दे.

लिहिणं याच जातीचं आहे. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. क आणि ख एकाच कळीवर, शिफ्ट दाबली की ख. ग-घ, त-थ, द-ध यांचंही तसंच. पहिलीत घोकलेली वर्णमालाच बोटांखाली मांडलेली आहे. शिवाय गुजराती, बंगाली, कन्नडचा 'क'ही त्याच कळीवर सापडतो. सुरुवातीला बोटं अडखळतात, नाही असं नाही. पण रोमनमधून लिहिणारं मूल प्रत्येक शब्द आधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोंबतं आणि मग ल की ळ, न की ण, ऱ्हस्व की दीर्घ हे यंत्राने पुढे केलेल्या पर्यायांतून उचलतं. शब्द कसा लिहायचा हे ठरवायची सवय त्याला लागतच नाही. माझा जीव तुटतो तो इथे.

सत्तरीच्या मावशीने फोनशी बोलूनच लिहावं, तिच्यासाठी तेच योग्य. भाचीचं तसं नाही, तिला अजून साठ वर्षं लिहायचंय. यासाठी नवा की-बोर्डही घ्यावा लागत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट निवडता येतो. पुण्यातल्या बऱ्याच शाळांत संगणकाचा तास असतोच. त्यातला आठवड्याचा अर्धा तास पाचवीपासून यासाठी द्या, अशी मागणी पालकांनी शाळेच्या पुढच्या सभेत करावी.